चेहऱ्यावरची लाली आणि मेडिकलमधली ट्यूब

डिसेंबर लागला की जुन्नर-आंबेगावच्या बौद्धवस्त्यांत धावपळ सुरू होते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे, २५ तारखेला मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम, लगेच १ जानेवारीला कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ, ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. त्यात लग्ने. आपल्याला मुहूर्त लागत नाही, पण सुट्टी लागते, म्हणून नाताळच्या सुट्टीतला एकही रविवार मोकळा जात नाही. इतरांची दिवाळी तशी आपली ही सणासुदी. पाहुणे येतात, फोटो निघतात, मुलीला बघायला मंडळी येतात, आणि घरातला एकुलता एक आरसा सकाळपासून रिकामा राहत नाही.

नेमक्या याच दिवसांत पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकू येते. गाल तापतात, नाक-गाल लाल दिसतात, पाणी लावले तरी झोंबते, बारीक पुटकुळ्या उठतात. म्हातारी माणसे म्हणतात, "उष्णता झाली." शेजारीण म्हणते, "थंडीनं फुटलं असंल." पुरुषाचे नाक लाल झाले तर कोणी काही बोलत नाही, पण मागे काय बोलले जाते ते त्याला ठाऊक असते. आणि उपाय एकच. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब आणायची.

या ट्यूबविषयीच आज आम्हाला लिहायचे आहे. कारण तिने लाली जात नाही, ती पुष्कळ वेळा तिच्यामुळेच येते.

काउंटरवरचे संभाषण आपण सर्वांनी ऐकलेले आहे. "दादा, ती तोंडाला लावायची ट्यूब द्या." "कोणची? डागाची का गोरं व्हायची?" "मागल्या वेळची." मग पाठीमागच्या फळीवरून बोटभर लांबीची ट्यूब येते. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, किती दिवस लावायची याची विचारपूस नाही. कुणाला ती वहिनीने सांगितलेली असते, कुणाला पार्लरवालीने, कुणाला कंपनीत शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या मैत्रिणीने. तरुण मुलगे दाढी केल्यावर हीच ट्यूब लावतात. लग्न ठरलेल्या मुलीला तर महिनाभर आधी आईच आणून देते.

आठ-दहा दिवस खरोखर फरक पडतो. डाग फिके होतात, पुटकुळ्या बसतात, चेहरा उजळ दिसतो. "तेज आलं गं पोरीला," असे चार बायका म्हणतात. हे तेज कशाचे, ते समजून घेऊ.

अशा बहुतेक ट्यूबांत स्टेरॉइड नावाचे औषध असते. औषध म्हणून ते वाईट नाही. इसबाला, अंगावरच्या काही चट्ट्यांना डॉक्टर ते मोजून देतात आणि गुण येतो. ते सूज दाबते आणि कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडून टाकते. रक्त कमी आले की कातडी फिकी दिसते. आपण ज्याला गोरेपणा म्हणतो तो एवढाच. पण चेहऱ्याची कातडी तळहाताच्या कातडीसारखी जाड नसते. तीवर हे औषध रोज, महिनोन्‌महिने चोळले तर कातडी पातळ होत जाते. आखडलेल्या रक्तवाहिन्या पुढे कायमच्या रुंदावतात आणि गालावर लाल जाळी दिसू लागते. मुरुम उठतात, बायकांच्या हनुवटीवर-गालावर लव वाढते, उन्हात पाऊल टाकले की आग होते. घाबरून ट्यूब बंद केली तर दोन-चार दिवसांत चेहरा टोमॅटोसारखा लाल होऊन सुजतो. पुन्हा लावली की शांत होतो. म्हणून पुन्हा लावायची, आणि मेडिकलात पुन्हा जायचे. दारूच्या गुत्त्याची वाट आणि ही वाट, आम्हाला तरी फार वेगळी वाटत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी या आजाराला वेगळे नावच दिले आहे. स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. हा एखाद्या गावचा प्रकार नाही. देशातल्या बारा त्वचारोग केंद्रांतील तज्ज्ञांनी मिळून केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडची ट्यूब लावत होते. सात माणसांत एक. त्यातल्या २५७ जणांना ती डॉक्टर नसलेल्या माणसाने सुचवली होती. १२६ जण ती गोरे दिसण्यासाठी, साधी क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावायला वापरत होते. आणि ४३३ पैकी ३९२ जणांच्या चेहऱ्यावर दुष्परिणाम दिसले. त्या अभ्यासातली एक नोंद आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. जास्त कडक ट्यूबा शहरापेक्षा गावाकडची आणि उपनगरांतली माणसे अधिक वापरत होती.

कायदा झालेला आहे. अंगाला लावायच्या औषधांना पूर्वी चिठ्ठीच्या नियमातून सूट होती, तिचा फायदा घेऊन या ट्यूबा साबणासारख्या विकल्या जात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांची ती सूट काढली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत असे ठरवले. कायदा कागदावर आहे, काउंटरवर कितपत आहे हे वाचकांनी स्वतः पाहावे. सगळे मेडिकलवाले सारखे नसतात. "ताई, ही तोंडाला लावू नका, आधी डॉक्टरला दाखवा," असे सांगून गिऱ्हाईक परत पाठवणाराही असतो. त्याच्यावर रागावू नका.

ओळखायचे कसे? ट्यूबवरची अक्षरे बारीक आणि इंग्रजी असतात. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याला मोठ्याने वाचायला लावा. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव सापडले तर ते स्टेरॉइड आहे असे समजा. काही ट्यूबांत तीन-चार औषधे एकत्र असतात. बुरशीचे, जंतूचे आणि सोबत स्टेरॉइड. गजकर्णाची म्हणून आणलेली ट्यूब पुढे तोंडाला लागते ती हीच. वांगाची म्हणून मिळते तीत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असे तिन्ही असतात. डॉक्टर ती काही आठवड्यांपुरती देतात, आपण ती वर्षानुवर्षे लावतो. चिठ्ठीच्या औषधाच्या वेष्टनावर उभी लाल रेघ असते, तीही पाहून ठेवा.

ज्या डबीवर काहीच लिहिलेले नसते, पार्लरमधून किंवा बाजारातून सुटी मिळते, ती तर घरात आणूच नये. अकोल्याच्या एकाच घरातल्या तीन स्त्रियांची मूत्रपिंडे गोरेपणाच्या क्रीमने बिघडल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आपल्या वृत्तपत्रांत आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांची तपासणी झाली, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीतून रक्तात जातो, आणि मूत्रपिंडाला गोऱ्या-काळ्याशी काही देणेघेणे नसते.

आता दुसरी बाजू. कधी ट्यूबला हातही न लावलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो. त्या आजाराला रोझेशिया म्हणतात. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही, म्हणून तोच शब्द वापरू. साधारण तिशीनंतर तो सुरू होतो. आधी चेहरा अधूनमधून तापतो, लाल होतो आणि उतरतो. पुढे नाक, दोन्ही गाल, हनुवटी, कपाळाचा मधला भाग येथे लाली मुक्काम करते. मुरुमांसारख्या पुटकुळ्या येतात, पण मुरुमात असतात तसे काळे-पांढरे खिळे त्यांत नसतात. कित्येकांचे डोळेही कोरडे पडतात, चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे वाटतात. हा आजार लागट नाही. ताट-पेला, टॉवेल, मूल मांडीवर घेणे यांतून तो कोणाला होत नाही. तो अस्वच्छतेने होत नाही आणि पापाने तर नाहीच नाही.

तो गोऱ्या कातडीच्या युरोपीय लोकांत जास्त दिसतो, म्हणून डॉक्टरांच्या पुस्तकांत त्याची चित्रे गोऱ्या चेहऱ्यांचीच आहेत. सावळ्या चेहऱ्यावर लाली लाल दिसत नाही. ती तांबूस, तपकिरी, कधी नुसती काळपट दिसते. बाई सांगते, "डॉक्टर, तोंड पेटल्यासारखं होतं," आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. मग उष्णतेचे चूर्ण मिळते, नाहीतर मुरुमाचा साबण, नाहीतर पुन्हा तीच ट्यूब. आम्हाला इथे जुन्नरच्या लेण्यांची आठवण होते. शिवनेरी आणि मानमोडीच्या लेण्यांत यवन उपासकांच्या दानाचे शिलालेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्याने संघासाठी भोजनमंडप दिला. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाट चढून आलेल्या त्या लोकांपैकी कुणाचे गाल आपल्या उन्हात तांबडेलाल झाले असतील तर नवल नाही. त्यांची लाली सर्वांना दिसली असती. आपली दिसत नाही, एवढाच फरक. म्हणून सावळ्या माणसाने रंगापेक्षा आगीकडे लक्ष द्यावे. चेहरा वारंवार तापतो का, साबण-क्रीम झोंबते का, गाल आणि नाकच धरले आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

पुरुषांविषयी थोडे वेगळे सांगायला हवे. रोझेशिया जुना झाला की काही पुरुषांचे नाक जाड, खडबडीत, लालसर होते. गावात त्याचा एकच अर्थ लावतात. पंचशील घेतलेला, कधी थेंबाला न शिवलेला माणूस विहाराच्या सभेत बोलायला उभा राहतो आणि मागच्या रांगेत खसखस पिकते. दारूने रोझेशियाची लाली वाढते हे खरे. पण लाल नाक म्हणजे दारू, हे धादांत खोटे. मुलीचे स्थळ बघायला गेलेल्या मंडळींनी बापाच्या नाकावरून घराची परीक्षा करू नये.

या आजारात चेहरा कशाकशाने भडकतो याची यादी वैद्यकाच्या पुस्तकात असते. ऊन, वारा, शेक, गरम पेय, तिखट, मद्य, श्रम, मनाचा ताण. ती वाचली तेव्हा आम्हाला वाटले, ही तर १ जानेवारीच्या दिवसाची दैनंदिनीच आहे. पहाटे चारला टेंपोत बसायचे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, शिक्रापूर, आणि उघड्या टेंपोत सगळा गार वारा तोंडावर. उतरल्या उतरल्या वाफाळता चहा. मग रांग. दुपारी तोच पारा तिशीकडे चढलेला, डोक्यावर ऊन, पायाखाली धूळ, गर्दीचा उकाडा. मन भरून आलेले. रात्री घरी आल्यावर चूल पेटते. दुसऱ्या दिवशी आरशात बघितले की तोंड फुललेले.

म्हणून जाऊ नये का? अजिबात नाही. "तोंड असं झालंय, लोकांत कशी जाऊ," म्हणून घरी बसणाऱ्या भगिनी आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांच्यासाठीच हा लेख आहे. जायचे, पण जरा तयारीने.

टेंपोत पुढच्या बाजूला तोंड करून बसू नका. सुती ओढणी किंवा पदर नाका-गालांवरून सैल गुंडाळा. लोकरीचा मफलर थेट गालाला घासला तर उलट खाजतो, आत सुती कापड घ्या. निघण्यापूर्वी साधे पांढरे व्हॅसलीन, वास आणि रंग नसलेले, अगदी पातळ बोट फिरवा. चहा घ्या, पण दोन मिनिटे निवू द्या. चेहरा बहुधा चहापत्तीने नव्हे, वाफेने आणि उष्णतेने भडकतो. दुपारच्या रांगेसाठी रुंद काठाची टोपी किंवा छत्री घ्या. निळी टोपी कडेने रुंद असेल तर दोन्ही कामे होतात. ऐपत असेल तर उन्हाची क्रीम घ्यावी, एसपीएफ ३० किंवा जास्त, शक्यतो झिंक ऑक्साइडची. ती गोरेपणाची नसावी. नसेल परवडत तर कापड आणि सावली हीसुद्धा औषधेच आहेत. पाण्याची बाटली आणि एक ओला रुमाल जवळ ठेवा. आग झाली की रुमाल नुसता टेकवायचा, चोळायचा नाही. बर्फ थेट लावू नका.

खाण्याचे म्हणाल तर आपल्या भागातली मासवडी आणि तिचा झणझणीत रस्सा पाहुण्यांच्या दिवशी टळत नाही, टाळाही म्हणत नाही. रस्सा ज्याचा त्याने ओतून घ्यावा, आणि तोंड तापणाऱ्या माणसाने मासवडी नुसती खावी, रस्सा कोमट करून थोडा. सगळ्यांनाच तिखटाचा त्रास होतो असे नाही. कुणाचा चेहरा तिखटाने भडकतो, कुणाचा फक्त उन्हाने. पंधरा दिवस जुन्या वहीत लिहून ठेवले, की आज काय खाल्ले, कुठे होतो, तोंड कधी तापले, तर आपले शत्रू आपल्याला कळतात. भाकरीच्या चुलीपुढे मात्र बहुतेकींचा चेहरा तापतो. शंभर माणसांच्या भाकरी एकाच बाईने थापायच्या आणि पुरुषांनी मांडवात भाषणे करायची, ही वाटणी सणाच्या दिवशी तरी बदलावी. एका तासाला एक बाई, आणि मध्ये दोन पुरुष, असे करून पाहायला काय हरकत आहे?

पाचव्या शीलाविषयी धम्माचे वाचक असलेल्या कुटुंबांना आम्ही वेगळे काय सांगावे? लग्नाच्या वरातीत ते कसे पाळले जाते, हेही सर्वांना ठाऊक आहे. या आजाराच्या माणसाला तर दारू लगेच तोंडावर दिसते.

लग्नाआधीच्या सौंदर्याचे सोपस्कार हा आणखी एक शत्रू. ब्लीच, वाफ, घासून केलेले फेशियल, लिंबू, टूथपेस्ट, बेसनाने खसाखसा चोळणे, यांतले काहीही लाल झालेल्या चेहऱ्याला सोसत नाही. आपल्यात बौद्ध पद्धतीच्या लग्नातही हळद लावतात. ती लावावी की नाही हा वाद आज बाजूला ठेवू. पण ज्या मुलीचे तोंड आधीच पेटले आहे तिच्या हातापायांना लावून थांबा. बाजारच्या पिवळ्या पुडीत नेमके काय आहे हे कुणी पाहिले आहे?

प्रत्येक लाली रोझेशियाची नसते, हेही ध्यानात ठेवा. शेतात राबणाऱ्यांना गाजर गवताने होणारा त्रास आपल्याकडे पुष्कळ आहे. हे परदेशी गवत आपल्या देशात पहिल्यांदा ध्यानात आले ते १९५० च्या दशकात, पुण्यातच. त्याची धूळ उडून चेहरा, मान, पापण्या, कोपराची खोबण खाजून लाल-काळी होतात. यात खाज फार असते, रोझेशियात आग फार. द्राक्षबागेत गंधक धुरळताना किंवा औषध फवारताना तोंड न झाकणाऱ्या मजुरांचेही तसेच होते. गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली, सोबत सांधे दुखणे, ताप, तोंडात फोड, केस गळणे असे असेल तर तो ल्युपस असू शकतो आणि रक्ततपासणी लागते. चेहरा लाल-तुकतुकीत दिसतो, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात किंवा अंगावर बधिर चट्टा आहे, असे असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. नावाला घाबरू नका. सरकारी दवाखान्यात त्याची औषधे फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. त्यावर कुणी ट्यूब चोळत बसले तर मात्र नसा जातात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही ट्यूब आपल्या घरात शिरलीच कशी? जाहिरातीने, हे अर्धे उत्तर झाले. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये आपले नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. कंपनीला नाव बदलावेसे वाटले. आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या अर्जावरचा 'रंग' हा रकाना मात्र अजून तिथेच आहे, आणि त्यात 'सावळा' लिहिताना आईचा हात अडखळतो. 'निमगोरी' हा शब्द कोणी शोधून काढला? जातीची उतरंड नाकारून आपण बाहेर पडलो आणि रंगाची उतरंड कनवटीला लावून आणली, असेच म्हणावे लागेल.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेनंतर बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. अस्पृश्यतेची खूण पटवणारा पोशाख आणि अंगावरचे दागिन्यांचे ओझे टाका, स्वच्छ राहा, नीटनेटक्या राहा, असे त्यांचे सांगणे होते. त्या बायकांनी लगोलग लुगडी नेसण्याची पद्धत बदलली. स्वच्छ राहणे आणि गोरे होणे यांतला फरक त्या अक्षरओळख नसलेल्या बायांना कळला होता. शिकलेल्या नातींना तो कळू नये याचे आम्हाला वाईट वाटते. आणि यात दोष एकट्या मुलींचा नाही. बघायला आलेल्या मुलाकडच्या मंडळींनी चहाचा कप ठेवून "बाकी सगळं छान आहे, फक्त..." असे म्हटले की दुसऱ्या दिवशी ट्यूब घरात येते.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना कातडीचा मोठा आजार झाला होता. जखमांच्या पाण्याने चीवर अंगाला चिकटे, आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून भिजवून सोडवीत. बुद्धांनी ते पाहिले, चौकशी केली, आणि अशा आजारासाठी औषधी चूर्ण वापरण्याची अनुज्ञा दिली. त्यांनी त्या भिक्खूला लपायला सांगितले नाही, पूर्वजन्मीचे पापही काढले नाही. आजार आहे तर औषध द्या, एवढाच तो व्यवहार. चेहऱ्याच्या आजाराकडे आपण तसेच पाहिले तर अर्धे दुखणे तिथेच कमी होईल.

रोझेशिया मुळासकट जातो असे नाही, पण तो चांगला आटोक्यात राहतो. डॉक्टर मेट्रोनिडाझोल, अझेलाइक अॅसिड किंवा आयव्हरमेक्टिनची लावायची औषधे देतात, पुटकुळ्या जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. गरोदर बाईने या गोळ्या घ्यायच्या नसतात, म्हणून दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर ते आधी सांगा, लाजू नका. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. आठ दिवसांत उजळवणारे औषध आणि हे औषध यांतला फरक त्यावरूनच ओळखावा. डोळे चुरचुरत असतील तर तेही सांगा, डोळ्यांचा इलाज वेगळा असतो.

ट्यूबने बिघडलेल्या चेहऱ्याला अधिक धीर लागतो. बरेच महिने ट्यूब लावली असेल तर मनानेच एकदम बंद करून घरी बसू नका, आणि मनानेच चालूही ठेवू नका. काहींची डॉक्टर लगेच बंद करतात, काहींची हलकी करीत नेतात, मधल्या काळासाठी स्टेरॉइड नसलेले औषध देतात. बंद केल्यावर पहिले काही आठवडे तोंड आधीपेक्षा वाईट दिसते. याच आठवड्यांत बहुतेक जणी हरतात आणि पुन्हा मेडिकलात जातात. घरातल्या माणसांनी त्या दिवसांत "काय झालं गं तोंडाला?" असे रोज विचारू नये. नवऱ्याने तर नाहीच. चेहरा दिवसातून दोनदा साध्या पाण्याने धुवावा, साबण बंद, ऊन टाळावे. ही आग ओसरायला महिने लागतात, पण ती ओसरते.

लग्न महिन्यावर आले आहे आणि तोंड लाल आहे, अशा वेळी कोणी "एवढ्या पंधरा दिवसांपुरती लाव" असे सांगेल. त्या पंधरा दिवसांची किंमत मुलगी सासरी भरते. फोटोवाल्याला सांगा, तो प्रकाश जरा मागे घेईल.

दाखवायचे कुठे? आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथून चिठ्ठी मिळाली तर पुण्याला ससूनमध्ये त्वचारोग विभाग आहे. पिंपरी-चिंचवडला कामाला जाणाऱ्यांना महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय जवळ पडते. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत ज्यांचा कामगार विमा कापला जातो त्यांनी त्याचे कार्ड वापरावे, ते पैसे आपल्याच पगारातले आहेत. खाजगी डॉक्टरकडे गेलात तर तो त्वचेचा शिकलेला डॉक्टर आहे ना, हे पाटीवर वाचून आत जा.

जाताना तोंडाला पावडर लावून जाऊ नका. आणि लावत असलेली ट्यूब, संपलेली असली, पिळून चपटी झालेली असली तरी, पिशवीत घालून सोबत न्या. पार्लरची डबी असेल तर तीही. "तोंडाला काही लावत नाही," असे आपण लाजेने सांगतो आणि डॉक्टर मग भलत्याच आजाराचा माग काढत बसतात. ट्यूब टेबलावर ठेवली की पुढचे विचारायला सोपे जाते.